बैठकीचा विषय कोणी ठरवायचा?

कामगारांच्या बैठकीला माणसे जमत नाहीत, जमली तर बोलत नाहीत आणि बोललीच तर विषय सोडून बोलतात, ही आपल्या कार्यकर्त्यांची तक्रार आता बरीच जुनी झाली आहे. तिची कारणमीमांसाही जवळजवळ ठरून गेली आहे. दूरचित्रवाणी, हातातला मोबाइल, हप्त्यांवर घेतलेली मोटारसायकल, जातीधर्माच्या मेळाव्यांचे वाढते आकर्षण, एकूणच वर्गजाणिवेचा ऱ्हास! यांपैकी प्रत्येक कारणात थोडेफार तथ्य असेलही. परंतु बैठकीत तोंड न उघडणारा हाच कामगार पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर अर्धा अर्धा तास बोलत उभा असतो. साहेबाने आणलेल्या नव्या यंत्राचे काय चुकते, कंत्राटदार हजेरी कशी मांडतो, कोणत्या खात्यात कच्चा माल वाया जातो, हे तो तपशीलाने आणि अतिशय तर्कशुद्ध रीतीने सांगत असतो. तेव्हा बोलण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही असे म्हणता येत नाही. तो ‘विषय सोडून’ बोलतो या तक्रारीतच खरी मेख आहे. कोणता विषय सोडून? आणि तो विषय ठरविला कोणी?

आपल्याकडे बैठकीचा विषय हा पत्रकाच्या डोक्यावर छापावयाचा मजकूर मानला जातो. वक्ता ठरतो, सभागृह ठरते, अध्यक्ष ठरतात आणि छापखान्यात जाण्यापूर्वी कोणीतरी ‘सद्यःस्थिती आणि आपले कर्तव्य’ असे लिहून टाकतो. गेली पन्नास वर्षे मी हा विषय भिंतींवर वाचत आलो आहे. स्थिती बदलत गेली, विषय कायम राहिला. अशा विषयावर श्रोत्याने बोलावे तरी काय? सद्यःस्थिती वक्त्याला ठाऊक असते आणि कर्तव्यही तोच सांगणार असतो. श्रोत्याकडे टाळ्या वाजविण्याचे काम तेवढे उरते, आणि ते तो सौजन्याने करतो.

विषय ठरविणे ही सत्तेची बाब आहे, हे मालकवर्गाला आपल्यापेक्षा पुष्कळ आधी कळले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या तिसऱ्या कलमाने शंभर वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी वर्क्स कमिटीची तरतूद केली. मालक व कामगार यांचे प्रतिनिधी तीत एकत्र बसावयाचे होते, आणि कामगारांच्या प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नये असे बंधन होते. कागदावर पाहता ही केवढी मोठी गोष्ट! पण कलमातले क्रियापद पाहावे. समितीने समान हिताच्या बाबींवर ‘अभिप्राय’ द्यावयाचा आणि मतभेद मिटविण्याचा ‘प्रयत्न’ करावयाचा. निर्णय घ्यावयाचा असे कोठेही म्हटलेले नाही.

हेही पुरेसे वाटले नाही म्हणून की काय, १९५९ च्या भारतीय श्रम परिषदेनंतर या समित्यांनी कोणत्या विषयांवर बोलावे आणि कोणत्या विषयांवर बोलू नये यांच्या दोन याद्या त्रिपक्षीय समितीकडून तयार करण्यात आल्या. बोलावयाचे विषय असे: वायुवीजन, प्रकाश, तापमान, स्वच्छता, पिण्याचे पाणी, उपाहारगृह, विश्रांतिगृह, अपघातप्रतिबंध, सणांच्या सुट्ट्यांची अदलाबदल, दंडनिधीचा व कल्याणनिधीचा विनियोग, शैक्षणिक व करमणुकीचे कार्यक्रम आणि काटकसर व बचतीस उत्तेजन. न बोलावयाचे विषय असे: वेतन व भत्ते, बोनस, सुसूत्रीकरण आणि कामाचा बोजा, कामगारसंख्येची निश्चिती, उत्पादनाचे नियोजन व विकास, कपात व ले-ऑफ, संघटनेच्या कामाबद्दल होणारा छळ, भविष्यनिर्वाह निधी व उपदान, रजांची संख्या, प्रोत्साहन योजना, घरे व वाहतूक.

या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. कामगाराने बचत करावी यावर त्याने अवश्य बोलावे. बचत ज्यातून करावयाची त्या वेतनावर मात्र बोलू नये! संघटनांचीही या दुसऱ्या यादीला फारशी हरकत नव्हती, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. वेतन व बोनस हे वाटाघाटीचे विषय, ते एखाद्या समितीच्या टेबलावर गेले तर संघटनेचे महत्त्व उणावेल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. पण परिणाम काय झाला? गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये या समित्यांचे यश तुटपुंजे असल्याचे नोंदविले, आणि अधिकारक्षेत्राची अस्पष्टता, शिफारशींचे निव्वळ सल्लावजा स्वरूप, संघटनांतील स्पर्धा, मालकांची व संघटनांची अनास्था अशी कारणे दिली. ती सर्व खरीच होती. त्यांत मी एक भर घालीन. ज्या बैठकीत पाण्याच्या माठाची जागा बदलता येते पण माठ कोणत्या खात्यासाठी किती माणसांचा हिशोब धरून ठेवला हे विचारता येत नाही, त्या बैठकीचा कंटाळा न येणारा माणूस विरळाच!

आणीबाणीतला प्रसंग तर आणखी बोलका आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. संपाचे हत्यार तर आधीच बोथट करण्यात आले होते. मग पुढच्याच महिन्यात, ३० ऑक्टोबरला, पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी व खाणींसाठी शॉप कौन्सिल आणि जॉइंट कौन्सिल यांची योजना जाहीर झाली. कामगारांना उद्योगाच्या व्यवस्थापनात सहभाग! त्यांनी एकत्र बसून उत्पादनाची उद्दिष्टे कशी गाठावीत, नासधूस कशी थांबवावी, गैरहजेरी कशी घटवावी आणि शिस्त कशी राखावी यांचा विचार करावयाचा. बोनस कोठे गेला हा विषय अर्थातच कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ४३-अ हे कलम घालून या सहभागाला मार्गदर्शक तत्त्वांतही स्थान दिले. पुढे १९९० मध्ये राज्यसभेत आलेले कामगार सहभागाचे विधेयक मात्र कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोचले नाही.

हा इतिहास येथे मुद्दाम सांगितला, कारण काही तरुण मित्र ‘बैठकीचा विषय आकर्षक कसा करावा’ हा प्रश्न तंत्राचा मानतात. फलक रंगीत असावा, आरंभी एखादा खेळ घ्यावा, लहान गट पाडावेत, चिठ्ठ्यांवर मते लिहून घ्यावीत इत्यादी. या युक्त्यांना माझा विरोध नाही. लहान गटांत लाजरी माणसे बोलतात हा तर अनुभव आहे. पण ही सर्व तंत्रे आज मोठमोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना आपल्याहून चांगली अवगत आहेत. जपानमध्ये १९६२ च्या सुमारास सुरू झालेली गुणवत्ता मंडळे आपल्याकडे १९८० नंतर ‘भेल’सारख्या उद्योगांतून पसरली. आठदहा कामगार आपणहून एकत्र बसतात, आपल्याच कामातला एखादा दोष निवडतात, आकडे गोळा करतात आणि उपाय सुचवितात. त्यांत कामगार रमतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या डोक्याला कोणीतरी काही विचारले याचा आनंद फार मोठा असतो, आणि तो आनंद देण्यात व्यवस्थापन आपल्या पुढे गेले ही गोष्ट आपण गांभीर्याने घेतली पाहिजे. त्या मंडळात एकच प्रश्न विचारता येत नाही: दोष गेला, खर्च वाचला, तो वाचलेला पैसा कोणाकडे गेला?

तेव्हा विषय रंजक असावा की गंभीर, हा वाद मला निरर्थक वाटतो. ज्या विषयाबद्दल बोलणाऱ्यापाशी काही ज्ञान आहे आणि ज्याच्या निकालाने त्याच्या आयुष्यात काही फरक पडणार आहे, तो विषय रंजक करावा लागत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापुढे प्राध्यापक नव्हते, पुस्तकेही फारशी नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या पाहा. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर इजा झाल्यास भरपाई. यातील एकही विषय बाहेरून आणलेला नाही. प्रत्येक मागणीच्या मागे शरीराला रोज येणारा अनुभव आहे. २४ एप्रिल १८९० रोजी रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलल्या. १८९० साली, मुंबईत, दोन गिरणी कामगार स्त्रिया हजारोंच्या समोर उभ्या राहून बोलल्या! त्यांना कोणी वक्तृत्वाचे शिक्षण दिले असेल असे वाटत नाही. आठवड्याची सुट्टी हा विषय असा होता की त्यावर त्यांच्याहून अधिकाराने बोलणारा त्या मैदानावर दुसरा कोणी नव्हता. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

येथे आपल्यातील शास्त्रशुद्ध मंडळींचा आक्षेप येईल. सुट्टी, पाणी, जेवणाची वेळ असल्या विषयांत रमलो तर कामगार अर्थवादातच अडकून पडेल, व्यवस्थेचा प्रश्न त्याच्यापुढे येणारच नाही, असे ते म्हणतील. हा आक्षेप मी तरुणपणापासून ऐकत आलो आहे आणि तो मला कधीही पटलेला नाही. विषयाचा लहानमोठेपणा त्याच्या नावावरून ठरत नाही. रविवारच्या सुट्टीच्या मागणीत कामगाराच्या वेळेचा धनी कोण, हा प्रश्न दडलेला होता आणि राजकीय अर्थशास्त्रात याहून मोठा प्रश्न मला ठाऊक नाही. हमालाच्या पाठीवरील पोत्याचे वजन घ्या. वरवर पाहता किलोंचा हिशोब. परंतु शंभर किलोचे पोते का असते, पन्नासाचे का नसते, असे हमालांनी एकत्र बसून एकमेकांस विचारले की व्यापाऱ्याचा बारदानाचा खर्च निघतो, गाडीभाड्याचा हिशोब निघतो, मणक्याच्या औषधपाण्याचा खर्च कोण सोसतो हे निघते, आणि शेवटी ज्याला निश्चित मालकच नाही अशा मजुराचा मालक कोण ठरवावयाचा येथपर्यंत गोष्ट येते. याच शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने मंडळे स्थापिली, मजुरीवर आकारणी बसविली आणि विखुरलेल्या हमालास भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती तरी कोणत्या प्रबंधातून निघाली? श्रमाच्या माणसाने दुपारी काय खावे व कितीला खावे, या अगदी साध्या विषयातून.

अशा विषयांची वीण उलगडण्याचे काम मात्र आपोआप होत नाही. ते काम आपल्यासारख्यांचे आहे. विषय कामगाराने द्यावा आणि त्यातून निघणारे धागे कोठपर्यंत जातात ते दाखविण्यास अभ्यासकाने मदत करावी, अशी ही कामाची विभागणी आहे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे हे प्रौढांना अक्षरे शिकविताना आधी त्या वस्तीत जाऊन लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा करीत आणि त्यांतून काही निवडक शब्द धड्यासाठी घेत. बांधकाम मजुरांच्या वस्तीत त्यांनी ‘वीट’ हा शब्द घेतला. विटेवरून घर, घरावरून भाडे, भाड्यावरून जमिनीचा मालक. अक्षरे शिकता शिकता मजूर आपली परिस्थितीही वाचू लागत. आपल्या बैठकांना याच पद्धतीची गरज आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शहरातील बसदुरुस्तीच्या कार्यशाळेत संघटनेची बैठक होती. मी श्रोत्यांत बसलो होतो. ‘नवे आर्थिक धोरण व कामगारवर्गापुढील आव्हाने’ या विषयावर माझे एक विद्वान स्नेही पाऊण तास बोलले आणि उत्तम बोलले. नंतर प्रश्न विचारा असे अध्यक्षांनी तीनदा सांगितले. कोणी उठले नाही. शेवटी, आभारप्रदर्शनाच्या आधी, मागच्या बाकावरील एका वयस्क फिटरने विचारले, “साहेब, एकच गाडी महिन्यात तीनदा ब्रेकसाठी परत येते, त्याचं काय?” काही जण हसले. अध्यक्षांनी हा खात्याचा प्रश्न आहे, नंतर पाहू, असे म्हटले. पण वक्ते शहाणे होते, त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि “का परत येते?” असे उलट विचारले. त्यानंतर दीड तास कोणी घरी गेले नाही. ब्रेक लायनिंग हलक्या प्रतीचे येते. ते हलके येते कारण निविदा सर्वांत कमी किमतीची घ्यावी लागते. आधीचा माल टिकत असे पण तो पुरवठादार बाजूला पडला. दुरुस्तीचा वेळ वाढतो म्हणून गाड्या कमी पडतात. गाड्या कमी पडतात म्हणून खाजगी गाड्या भाड्याने घ्याव्यात असा प्रस्ताव येतो. खाजगीकरणाचे सारे अर्थशास्त्र त्या माणसांनी वंगण लागलेल्या हातांनी मांडून दाखविले. आकडे त्यांच्या खिशातील डायऱ्यांत होते. नवे आर्थिक धोरण म्हणतात ते हेच, एवढेच वक्त्यांना शेवटी सांगावे लागले.

यातून मला एक साधी गोष्ट दिसते. विषय नामाच्या रूपात दिला की माणसे गप्प बसतात आणि प्रश्नाच्या रूपात दिला की बोलू लागतात. प्रश्नही ठिकाण आणि काळ सांगणारा असावा. ‘औद्योगिक सुरक्षितता’ या विषयावर सुरक्षा अधिकारी बोलेल. ‘गेल्या महिन्यात आपल्या खात्यात कोणाला, कोठे व कशामुळे लागले?’ या विषयावर प्रत्येक जण बोलेल, आणि रजिस्टरात न चढलेले अपघातही बाहेर येतील. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीपूर्वी कारखान्यातील धोके कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला होता, संघटनांनी निषेध केला होता, स्थानिक पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये इशारे छापले होते. ज्यांना ठाऊक होते त्यांच्या बोलण्याला बंधनकारक असे व्यासपीठ नव्हते. सुरक्षिततेच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे शब्द कारखाना कायद्यात आले ते १९८७ च्या दुरुस्तीने, हजारोंच्या मृत्यूनंतर. कोणता विषय बैठकीत येतो व कोणता येत नाही, याची किंमत कधी कधी इतकी असते.

विषय निवडताना आपण श्रोतेही निवडीत असतो, हेही आपण फारसे ध्यानात घेत नाही. आज बहुतेक कारखान्यांत एकाच यंत्राच्या दोन बाजूंना एक कायम आणि एक कंत्राटी कामगार उभा असतो. बैठकीचा विषय ‘येणारा वेतनकरार’ असा ठेवला की कंत्राटी कामगार आपणहून वगळला जातो. त्याला त्या कराराने काहीच मिळावयाचे नसते. तो आला नाही की आपण त्याला अनास्थेचा दोष देतो. ‘उपाहारगृहात कोणाला, कोणत्या दराने जेवण मिळते?’ असा विषय ठेवला तर दोघेही येतील, आणि कदाचित एकमेकांवर रागावतीलही. रागावू द्यावे. स्त्रियांच्या बाबतीत तेच. ज्या ठिकाणी शंभर स्त्रिया काम करतात आणि स्वच्छतागृह दुसऱ्या इमारतीत आहे, तेथे पाण्याचा पेला अर्धा का प्यावा लागतो हा विषय कोणत्याही पुरुष पदाधिकाऱ्याने आजवर सुचविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बैठक सायंकाळी सातला ठेवून स्त्रिया येत नाहीत असे म्हणणे, हा तर निव्वळ दांभिकपणा झाला.

आणखी एक. ज्या विषयावर संघटनेचे मत आधीच ठरले आहे, त्यावर बैठक घेऊ नये. त्यावर परिपत्रक काढावे. सभासदांना चर्चेला बोलावून ठरलेल्या ठरावावर हात वर करावयास लावणे, हे मालकाच्या समितीहून काही वेगळे नाही. युगोस्लावियात १९५० च्या कायद्याने कारखाने कामगार मंडळांच्या हाती दिले गेले. तेथील मंडळांच्या बैठकांचा अभ्यास झाला तेव्हाही असेच आढळले की बहुतेक वेळ संचालक व तंत्रज्ञच बोलत असत, कारण विषय त्यांच्या फायलींतून येत. मालकी बदलली तरी कार्यक्रमपत्रिका बदललीच असे होत नाही.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधील लुकास एरोस्पेसच्या कामगारांचे. नोकरकपातीचे संकट आले तेव्हा त्यांच्या संयुक्त प्रतिनिधी समितीने प्रथम १८० तज्ज्ञांना व संस्थांना पत्रे लिहिली की आमच्या कौशल्याचा आणि यंत्रांचा समाजोपयोगी वापर कसा करता येईल ते सुचवा. चार उत्तरे आली. मग त्यांनी तोच प्रश्न आपल्याच सभासदांना विचारला: तुमच्यापाशी कोणती यंत्रे आहेत, तुम्हाला काय येते आणि तुमच्या मते आपण काय बनवावे? जानेवारी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या योजनेत सुमारे दीडशे वस्तूंच्या कल्पना होत्या. उष्णता-पंप होते, रस्त्यावर आणि रुळांवरही चालणारे वाहन होते, जन्मतः मणक्याचा विकार असलेल्या मुलांसाठी एक छोटी गाडी होती. कंपनीने योजना नाकारली. तरीही, ‘आपण काय बनवावे?’ हा विषय जगातील किती कामगार बैठकींत आजवर निघाला असेल? आपल्याकडे कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये तो वेगळ्या रूपात निघाला. १९८५ मध्ये बंद पडलेला कारखाना चालवावयाचा कोणी, या प्रश्नाला तेथील कामगारांनी ‘आम्ही’ असे उत्तर दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९८८ मध्ये कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपविण्याची योजना मंजूर करून घेतली. पुढे तो प्रयोग अडचणीत आला, हे खरे. आजारी उद्योगांच्या इतिहासात खाजगी मालकांचे किती प्रयोग अडचणीत आले याचीही कोणी मोजदाद करावी!

आता प्रस्तुत घडीकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने १९४७ चा कायदा गिळला, पण वर्क्स कमिटी ठेवली, आणि तिचे क्रियापदही तेच ठेवले, अभिप्राय देण्याचे. वीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत तक्रार निवारण समितीही आता असावयाची आहे. या समित्यांवर बहिष्कार टाकावा असे काही मित्र म्हणतात. संहितांना असलेला आपला विरोध कायम ठेवूनही मी या मताशी सहमत नाही. समिती बसणारच आहे. आपण नसलो तर साहेबाच्या मर्जीतले बसतील आणि पिण्याच्या पाण्यावर अभिप्राय देतील. समितीच्या बैठकीआधी कामगारांची स्वतंत्र बैठक घ्यावी आणि कार्यक्रमपत्रिकेवर काय जावे, एवढाच तिचा विषय ठेवावा.

पहिल्या अशा बैठकीसाठी महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना मी एक विषय सुचवितो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दैनिक तासांची मर्यादा नऊवरून बारापर्यंत नेण्यास आणि तिमाही जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असे त्यात सांगितले गेले. या लेखी संमतीच्या भोवती बैठक घ्यावी. विषय असा: ‘संमतीचा कागद तुमच्यापुढे कोणी, केव्हा व कोठे ठेवला, आणि नाही म्हटले असते तर काय झाले असते?’ याचे उत्तर कोणत्याही अर्थतज्ज्ञापाशी नाही, माझ्यापाशी तर नाहीच. शिवाय या विषयावर कामगारांत मतभेद आहेत. घराचा हप्ता फेडणाऱ्या तरुणाला जादा तास हवे आहेत, पन्नाशीच्या माणसाला नको आहेत, आणि घरी पोचून स्वयंपाक करावा लागणाऱ्या स्त्रीला ते अशक्य आहेत. संघटना हा विषय टाळतात तो यासाठीच. आपापसांतील फूट उघडी पडेल अशी धास्ती त्यांना वाटते. पण फूट आहे, आणि पर्यवेक्षकाच्या टेबलावर एकेकट्याची सही घेतली जाते तेव्हा तिचा पुरता उपयोग करून घेतला जातो. जादा तास न घेता हप्ता फिटावा एवढा मूळ पगार का नाही, हा प्रश्न त्या तरुणाने त्या पन्नाशीच्या माणसाच्या देखत विचारावा, यासाठी बैठक हवी.

बैठक पाळी सुटल्यावर लगेच घ्यावी, दीड तासाहून लांबवू नये. कंत्राटी कामगारांना वेगळे निमंत्रण द्यावे, कारण फलकावरील सूचना आपल्यासाठी नाही असे ते धरून चालतात. पदाधिकाऱ्यांनी पहिला अर्धा तास बोलू नये. एकाने वहीत लिहून घ्यावे, आणि बोलणाऱ्याचे नाव लिहू नये. वक्ता बोलावू नये. बोलावलाच, तर त्याला मागच्या बाकावर बसवावे.